चावीवालीचा कॉम्प्युटर

ऑफिसात तिला सगळे चावीवाली म्हणायचे. तोंडावर मॅडम आणि पाठीमागे चावीवाली. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या त्या मोठ्या कचेरीत कुणी कॉम्प्युटरवर काय उघडावं, कुणाला काय दिसावं आणि कुणी कशाला हात लावू नये, हे ठरवून देणं तिचं काम होतं. सुट्टीवरून परतलेला माणूस पासवर्ड विसरला की आधी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. कुणी ओशाळून यायचा, कुणी कॉम्प्युटरचीच चूक असल्यासारखा तणतणत यायचा. ती कुणालाच सुनावत नसे. बसा म्हणायची, काम करून द्यायची, आणि नवा पासवर्ड टाकायला सांगून मान वळवून खिडकीबाहेर बघत राहायची.

तिचे डोळे एका दिवसात गेले नाहीत. आधी कडा गेल्या. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसेनासं झालं तेव्हा तिला वाटलं, मॉनिटर बिघडला असेल. तिने अर्ज करून मॉनिटर बदलून घेतला, तरी घड्याळ काही परत आलं नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून, प्रकाश मारून बराच वेळ तपासलं आणि डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे म्हणून सांगितलं. त्याला चष्मा चालत नाही, ऑपरेशन नाही, दृष्टी हळूहळू कमी होत जाईल. हळूहळू म्हणजे किती, असं तिने विचारलं. ते नक्की सांगता येत नाही, एवढंच ते म्हणाले.

ऑफिसात तिने अवाक्षर काढलं नाही. अक्षरं मोठी करून घेतली, नाक पडद्याला टेकेपर्यंत जवळ गेली, प्रत्येक नाव दोनदा तपासायला लागली. तरीही एकदा व्हायचं ते झालं. नव्या कारकुनाला द्यायचे अधिकार तिने त्याच्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाला दिले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं तिलाच सापडलं, तिनेच ते निस्तरलं आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मला मोकळं करा म्हणाली. साहेब भला माणूस होता. डोळ्यांचं त्याने न विचारताच ओळखलं होतं. टेलिफोनवर बसा, तिथे जागा करतो, असं त्याने पुन्हापुन्हा सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

घरी आई आणि धाकटा भाऊ. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. आई कपड्यांच्या दुकानासाठी हातकाम करायची: काजं करणं, बटणं लावणं, हूक बसवणं. भाऊ मालाचा ट्रक चालवायचा. एकदा निघाला की दिवसचे दिवस बाहेर. नोकरी सुटल्यावर चावीवाली खिडकीजवळच्या खुर्चीत जी बसली ती बसलीच. हळूहळू उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा उरला. न्हाणीघरापर्यंत न्यायला आईने हात पुढे केला तर ती झिडकारायची. भिंतीला बोटं घासत स्वतःच जायची. त्या बोटांचा भिंतीवर एक मळकट पट्टा उमटला होता. आई सगळं घर पुसायची, तो पट्टा मात्र पुसत नसे.

आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं आई तिच्याशी हलक्या आवाजात बोलायला लागली होती. एक दिवस ती फटकन म्हणाली, "आई, कान शाबूत आहेत माझे." त्यानंतर आई आणखीच कमी बोलू लागली. दुपारभर घरात कात्रीचा आवाज तेवढा यायचा.

भावाने तिला एकदा ओढूनताणून अंध लोकांच्या केंद्रात नेलं होतं. तिथल्या शिक्षकांनाही दिसत नव्हतं. पडद्यावर असेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांनी तिला ऐकवला आणि येताना तो एका पेनड्राइव्हवर घालून दिला. घरी आल्यावर तिने तो आईच्या बटणांच्या डब्यात टाकला आणि विषय संपवला. भावाने मात्र तो मनात धरून ठेवला होता. ऑफिसांनी लिलावात काढलेले जुने कॉम्प्युटर घाऊक उचलणाऱ्या एका दुकानदाराकडून त्याने एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला, आईचं शिवणाचं टेबल मोकळं करून त्यावर मांडला आणि म्हणाला, "घे ताई, आता तुझं तू बघ." तोंडातून शब्द गेल्यावर त्याने जीभ चावली.

कॉम्प्युटर चालू झाला, पण त्यातून आवाज येईना. भावाने वायरी काढून पुन्हा घातल्या, हेडफोन लावून पाहिला, कॉम्प्युटरचा डबा थोपटला. शेवटी, पडद्यावर काय लिहिलंय ते वाच, असं तिने त्याला सांगितलं. तो पहिले दोन शब्द वाचायचा आणि "काहीतरी नेहमीचंच आहे" म्हणून ओके दाबून मोकळा व्हायचा. तरी तिच्या ध्यानात आलं. कामाच्या वेळी कुणी गाणी ऐकू नयेत म्हणून ऑफिसं मुद्दाम आवाज बंद करून ठेवतात. तिने स्वतः असे किती कॉम्प्युटर मुके केले होते. तो परत सुरू करायचा तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आत जायला हवं, म्हणजे ज्याला सगळे अधिकार असतात त्या नावाने. दुकानदाराने दिलेल्या नावाने पत्ते खेळता आले असते, चिठ्ठी लिहिता आली असती, बाकी काही नाही. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड त्याला माहीत नव्हता. चालू माल दिलाय, आणखी काय पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

सगळं पुसून नव्याने भरून आणू, असं भाऊ म्हणाला. पण त्याला ट्रक घेऊन निघायचं होतं. आल्यावर बघतो, असं सांगून तो गेला.

दोन दिवस कॉम्प्युटर तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी आई बटणं लावत बसलेली असताना ती खुर्चीतून उठली, चाचपडत टेबलापाशी गेली आणि नुसताच कीबोर्डवर हात ठेवला. दोन कळांवर बारीकसे उंचवटे असतात. बोटं आपणहून त्या कळांवर जाऊन बसली. मग तिने बटण दाबलं आणि पंखा घरघरायला लागल्यावर विचारलं, "आई, समोर काय दिसतंय?"

आईने हातातलं काम ठेवलं. "निळं आहे सगळं. मधे दोन चित्रं आहेत, प्रत्येकाखाली काहीतरी लिहिलंय. पण ते इंग्रजी आहे बाई, मला कुठलं येतंय." आईला आपली अक्षरं यायची, पेपर वाचायची ती. इंग्रजीतले आकडे तेवढे ओळखीचे होते.

"वाचू नकोस. कसं दिसतं ते सांग."

आई पडद्याजवळ गेली. "वरच्या चित्राखाली पहिलं आहे ते उघड्या कात्रीसारखं, पाती खाली केलेल्या. मधे आडवा दोरा. मग एक बटण, त्याच्या उजव्या अंगाला उभी सुई. मग दोन काजं शेजारीशेजारी, खालून उसवलेली. मग टाचणी आहे, डोकं सुटं झालेली."

चावीवालीच्या चेहऱ्यावर किती तरी महिन्यांनी हसू येऊ पाहत होतं. ए, डी, एम, आय. ॲडमिनिस्ट्रेटर. पुढचं सांगू नकोस म्हणाली, तरी आईने शेवटपर्यंत सांगितलंच. काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती.

पुष्कळ ऑफिसं या नावाचा पासवर्ड कोराच ठेवतात. तिने काही न लिहिता एन्टर दाबलं. आई म्हणाली, लाल गोल आलाय, त्यात फुलीचा टाका आहे. मग आळशी लोक ठेवतात ते दोनचार पासवर्ड तिने टाकून पाहिले. प्रत्येक वेळी फुलीचा टाका. म्हणजे हे काम करणारा माणूस पक्का होता. तिला राग आला नाही. बरंच वाटलं थोडं.

आडवाटेने आत जायच्या युक्त्या तिला पाठ होत्या. पण त्यासाठी काळ्या पडद्यावरच्या बारीक ओळी झरझर वाचाव्या लागतात, आणि आईच्या टाचण्या-बटणांनी ते जमणं शक्य नव्हतं. तिने वेगळाच विचार केला. कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे किंवा तळाला एखादी चिकटपट्टी आहे का बघ, असं तिने आईला सांगितलं. आईने डबा आडवा केला. होती. दुकानदाराने ब्लेडने खरवडली होती, पण अर्धवट. आकडे आईने वाचून दाखवले. पुढची अक्षरं फाटलेली, कुठली कात्री आणि कुठलं बटण तिलाही कळेना. दोन-तीनदा सांगून पाहिलं आणि शेवटी वैतागून म्हणाली, "आण तो हात."

आणि तिने लेकीचा तळहात उघडून त्यावर बोटाने अक्षर काढलं. सुईने खरखरीत झालेलं बोट, सावकाश, एकेक रेघ. चावीवालीने हात मागे घेतला नाही. एक अक्षर झालं की आई तळहात पुसल्यासारखा हात फिरवायची आणि पुढचं काढायची. अशी सगळी पट्टी वाचून झाली. एक नंबर त्या ऑफिसात कॉम्प्युटरला दिलेला होता. दुसरा टेलिफोनचा होता, काही बिघाड झाला तर कळवायला.

तिने फोन लावला. तिकडे ज्याने उचलला त्याने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेवटी कॉम्प्युटरचं काम बघणारा माणूस आला. आवाजावरून चाळिशीचा वाटला, कामात असलेला. तिने सगळं रीतसर सांगितलं: तुमच्याकडून लिलावात गेलेला कॉम्प्युटर आमच्याकडे आलाय, नंबर हा, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड हवा आहे. तो सभ्यपणे नाही म्हणाला. फोनवर पासवर्ड देत नाहीत, आणि ते बरोबरच होतं. सगळं पुसून नव्याने भरून घ्या, सोपं पडेल, असं त्याने सुचवलं. पुसायलाही पडदा वाचावा लागतो, असं ती म्हणाली. मग घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा ना, तो म्हणाला.

मागे आईच्या दोऱ्याचा सरसर आवाज येत होता.

"मला दिसत नाही," ती म्हणाली.

दोऱ्याचा आवाज थांबला. हे वाक्य आजवर दुसऱ्यांनीच उच्चारलं होतं. शेजाऱ्यांपाशी आईने, केंद्रात भावाने, कागदावर डॉक्टरांनी. तिच्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं, आणि तेही अनोळखी माणसापाशी. ती पुढे बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "तुम्ही करता तेच काम मी करायचे. आता दिसत नाही. कॉम्प्युटर वाचून दाखवणारा प्रोग्राम माझ्याकडे आहे, पण तुम्ही आवाज बंद केलेला आहे. तुमच्या जागी मीही केला असता."

मग तो म्हणाला, "नंबर परत सांगा." तिने सांगितला. कळा वाजल्या. कॉम्प्युटर खरंच त्यांच्या यादीतून निघालेला होता. तरी आपल्या एकट्याच्या हातात नाही, वर विचारावं लागेल, असं तो म्हणाला.

"विचारा," ती म्हणाली. "न विचारता दिला असता तर तुमच्याबद्दल माझं मत वाईट झालं असतं."

त्यावर तो पहिल्यांदा हसला.

तिने फोन ठेवला. आई उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. परत आली तेव्हा तिचा आवाज हलका नव्हता, पूर्वीसारखा होता. "चहा टाकलाय. इथे घेणार का खिडकीत?" असं तिने विचारलं.

तो फोन करेल असं दोघींनाही फारसं वाटत नव्हतं. केला. दुसऱ्या दिवशी दुपारी, नेमकी आई तयार कपडे द्यायला दुकानात गेलेली असताना. साहेबांनी हो म्हटलंय, तो म्हणाला, आणि एकेक अक्षर, एकेक आकडा सांगत गेला. ती टाकत गेली. शेवटी एन्टर दाबलं.

"गेलात आत?" त्याने विचारलं.

"काय माहीत. आई बाहेर गेलीय."

फोन ठेवते, नंतर कळवते, असं ती म्हणणार होती. पण तोच म्हणाला, थांबतो मी. आणि तो खरोखर थांबला. त्यांच्या ऑफिसातले लोक पासवर्ड कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवतात, असं त्याने सांगितलं. आमच्याकडे टेबलाच्या खणात ठेवायचे, तिने सांगितलं. एका साहेबांना दर सोमवारी पासवर्ड बदलून लागायचा, आणि कारण काय, तर रविवारी झोपल्यावर सगळं विसरतं. कामाच्या गोष्टी तिने शेवटच्या कधी केल्या होत्या ते तिलाच आठवेना. मग जिन्यावर आईच्या चपला वाजल्या. धापा टाकत आई आत आली. तिला पिशवीही खाली ठेवू न देता चावीवालीने विचारलं, समोर काय आहे?

"निळं गेलं," आई म्हणाली. "हिरवं माळरान आलंय. वर ढग आहेत."

फोनवर तो ते ऐकत होता. "आता आधी पासवर्ड बदला," तो म्हणाला, "आणि काय ठेवलात ते मला सांगू नका."

आवाज सुरू करण्यात ती सगळी दुपार गेली. आईने पडद्यावरची चित्रं एकामागून एक सांगितली: पिवळी पिशवी, कचऱ्याचा डबा, छोटा टीव्ही, कर्ण्यासारखं काहीतरी. मधे दोघींची बाचाबाचीही झाली, कारण चावीवाली घाई करायची आणि आई एकही चित्र गाळायला तयार नव्हती. कर्ण्यावर लाल फुली आहे म्हटल्यावर चावीवाली म्हणाली, हेच. बाण किती खाली, किती उजवीकडे, हे आई सांगत राहिली आणि ती माऊस केसभर केसभर सरकवत राहिली. फुली गेली, असं आई म्हणाली. त्याच क्षणी टेबलावरच्या स्पीकरमधून टुंग असा आवाज आला. आई दचकली. चावीवालीने दोन्ही हात तोंडावर धरले आणि तशीच बसून राहिली. तिचे खांदे हलत होते. आईने तिला हात लावला नाही. ती शेजारी उभी राहिली, इतकंच.

मग बटणांचा डबा उपडा करून आईने पेनड्राइव्ह शोधला. त्यातला प्रोग्राम भरून झाल्यावर कॉम्प्युटरमधून एका पुरुषाचा सपाट, भरधाव आवाज येऊ लागला. आई थोडा वेळ ऐकत राहिली.

"हा मधे श्वास घेत नाही का गं?"

"नाही."

"आणि सगळं सांगतो?"

"लिहिलेलं सगळं."

आई बरं म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन सुई ओवायला लागली. ते 'बरं' चावीवालीच्या कानाला लागलं. डोळे होते तेव्हा आईच्या आवाजातलं एवढं तिला कधी ऐकू आलं नसतं. आवाज बंद करून ती म्हणाली, "याला चित्रं दिसत नाहीत, आई."

"मग?"

"मग चित्रं तूच सांगायची."

आईने खुर्ची जवळ ओढून घेतल्याचा आवाज आला.

भाऊ परतला तेव्हा दारातूनच त्याला तो सपाट आवाज ऐकू आला. पायातले बूटही न काढता तो आत आला आणि हे कुणी सुरू केलं म्हणून विचारू लागला. आईने, असं चावीवालीने सांगितलं. त्याने आईकडे बघितलं. ती काज करत होती. तिने मान वर केली नाही.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. त्या आवाजाचा वेग कानाला झेपायलाच किती दिवस गेले. चिडून तिने दोनदा स्पीकर उपटून ठेवला. त्या ऑफिसातल्या माणसाने त्यांच्याकडच्या एका जागेसाठी तिचं नाव सुचवलं होतं. तिने अर्ज केला, पण घेतलं दुसऱ्याला. त्यानंतर ती काही दिवस पुन्हा खिडकीतच बसून होती. शेवटी एका लहानशा कंपनीने अर्धा दिवस काम दिलं. त्यांच्या गिऱ्हाइकांना कॉम्प्युटरमध्ये शिरता येईनासं झालं की फोन तिच्याकडे येतो. पूर्वीच्या मानाने काम किरकोळ आहे, पण फोनवरच्या माणसाला ते किरकोळ वाटत नाही. बोलणाऱ्या बाईला दिसत नाही हे त्यांच्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं. कुणी सरळ विचारलं तर ती सरळ सांगते.

आईला इंग्रजी अक्षरं आली. कुणी शिकवली म्हणावं तर कुणीच नाही. आधी औषधाच्या पाकिटावरचं नाव लावलं, मग समोरच्या दुकानाची पाटी, मग येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर. अजूनही तिच्या लेखी डी म्हणजे बटण आणि त्याच्या उजवीकडची सुई आहे.

परवा दुपारी आई कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "त्यात माझंपण एक नाव काढून दे की."

चावीवालीने आढेवेढे घेतले. अशा वेळी माणसाला लागतील तेवढेच अधिकार द्यायचे, ही तिची आयुष्यभराची शिस्त. कशाला हवंय, काय करायचंय, असं तिने विचारलं. काय करायचं ते आईने ठरवलं नव्हतं. तिला नाव हवं होतं. मग कुठले अधिकार देऊ, असं विचारल्यावर आई म्हणाली, "तुला आहेत ते."

चावीवालीने थोडा विचार केला आणि दिले.

पासवर्ड तुझा तू ठरव, कुणाला सांगू नकोस, मलासुद्धा नाही, असं तिने बजावलं. आई खुर्चीत नीट बसली. बोट कीबोर्डवर फिरवत पहिली कळ शोधू लागली. कुठली कळ कशी वाजते हे आता चावीवालीच्या कानाला ओळखू येतं. म्हणून ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून भांडी विसळत उभी राहिली. विसळलेलीच भांडी पुन्हा विसळून झाली तरी बाहेरून हाक येईना. मग आली.

"झालं गं," आई म्हणाली. "दोनदा टाकला. दोन्ही वेळा उघडलं."